दरबारीचा गंधार, १४५ मेगाहर्ट्झवर

वॉकीटॉकीची सर्किट डायग्राम पसरली की माझी नजर आधी तुटक रेषांच्या चौकोनावर जाते. ती पत्र्याच्या डबीची खूण. डबीत एक ट्रान्झिस्टर, एक कॉइल, चार-दोन कपॅसिटर आणि एक व्हॅरॅक्टर डायोड. एवढाच संसार, पण संचाचा सूर इथूनच निघतो. याचं नाव व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजच्या तालावर चालणारा ऑसिलेटर. आपल्या पाठ्यपुस्तकांत ऑसिलेटरला ‘आंदोलक’ म्हणतात. विद्यार्थ्यांना त्या शब्दात मोर्चा दिसतो, मला गाणं ऐकू येतं.

व्हॅरॅक्टरला व्होल्टेज उलट्या दिशेनं दिलेलं असतं, त्यामुळे तो वीज वाहून नेत नाही. व्होल्टेज वाढवलं की त्याच्या आतला रिकामा पट्टा रुंदावतो, कपॅसिटन्स घटतो आणि फ्रिक्वेन्सी चढते. हात न लावता पिळता येणारी खुंटीच ही. पण एकट्या व्हीसीओचा भरवसा नाही. ऊन लागलं, बॅटरी उतरली की सूर घसरतो.

म्हणून त्याला तंबोरा दिलेला असतो. १२.८ मेगाहर्ट्झचा एक स्थिर क्रिस्टल, त्याला १०२४ नं भागलं की १२.५ किलोहर्ट्झ. व्हीसीओच्या १४५ मेगाहर्ट्झला ११६०० नं भागलं तरी तेच. दोन्हींची तुलना करायची आणि पडलेला फरक फिल्टरमधून गाळून व्हॅरॅक्टरला द्यायचा. हा सगळा फेरा म्हणजे लूप. ११६०० चे ११६०१ केले की पुढचं चॅनल. पूर्वी चॅनलमागे दोन-दोन क्रिस्टल घालावे लागत, ते गेले. हा भागाकारही बघण्यासारखा आहे. पुढच्या वेगवान चिपला फक्त ६४ आणि ६५ नं भागता येतं. मग १६ वेळा ६५ आणि १६५ वेळा ६४. बेरीज करून पाहा, ११६०० च येते.

आता खरी गंमत. व्होल्टला ५ मेगाहर्ट्झ सरकणारा व्हीसीओ घेतला, तर एका मिलिव्होल्टला सूर ५ किलोहर्ट्झ हलतो. २५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर माणूस जोरात बोलला तरी फ्रिक्वेन्सी तेवढीच हलू द्यायची असते. म्हणजे व्हॅरॅक्टरच्या तारेवर मिलिव्होल्टभर गुणगुण शिरली, की ती ओरडणाऱ्या माणसाच्या बरोबरीची! पत्र्याची डबी, कॉइलवर ओतलेलं मेण, वेगळा गाळलेला सप्लाय, हे सगळं सोवळं पाळायचं ते यासाठी. कॉइल सैल झालेल्या संचावर टिचकी मारा, स्पीकरमधून ‘टण्’ येतं.

आणि याच इतक्या हळव्या जागी आपला आवाज सोडतात. सूर हलला की ओढून जागेवर आणणं हे लूपचं काम, मग तो आवाजही पुसून टाकायला हवा. पुसत नाही, कारण लूपला मुद्दाम आळशी ठेवलेलं असतं. बोलणं साधारण ३०० हर्ट्झच्या वर चालतं, लूपचा हात त्याच्या बराच खाली थांबतो. दरबारी कानड्यातला कोमल गंधार असाच झुलतो. झुलतो म्हणून त्याला कुणी बेसूर म्हणत नाही, कारण कान त्याचा मध्य धरून असतो. लूपचा कान तसाच, सावकाश.

या आळसाची किंमतही आहे. मधली फ्रिक्वेन्सी २१.४ मेगाहर्ट्झ असलेला संच १४५ ऐकत असताना व्हीसीओ १२३.६ वर असू शकतो. बोलायचं बटण दाबलं की त्याला २१.४ मेगाहर्ट्झची उडी घ्यायची, आणि आळशी लूपला त्याला जागेवर बसवायला वेळ लागतो. बरेच संच बोलण्या-ऐकण्यासाठी दोन वेगळे व्हीसीओच ठेवतात, आणि लॉक लागेपर्यंत, म्हणजे सूर जागेवर बसेपर्यंत, ट्रान्समीटर सुरू होऊ देत नाहीत. बटण दाबून लगेच बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं, त्यात हेही एक कारण.

पण बोलण्याच्या खालून सोबत जाणाऱ्या ६७ हर्ट्झच्या सबटोनचं काय? तो इतका मंद, की आळशी लूपच्याही हाती सापडतो. यावरचा तोडगा मला या सगळ्या डायग्राममध्ये सर्वांत देखणा वाटतो: तोच टोन क्रिस्टललाही द्यायचा. गायकाबरोबर तंबोराही तितकाच झुलवायचा. मैफलीत असा तंबोरा कुणी चालवून घेणार नाही. इथे मात्र तुलना करणाऱ्याला फरकच दिसत नाही, आणि टोन सुखरूप बाहेर पडतो. दोन्ही झोके जुळलेत का, हे मंद चौकोनी लहर सोडून स्कोपवर पाहतात. माथा तिरका दिसला, की प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रीसेट केसभर फिरवायचा, तो सपाट होईपर्यंत.