गंज खांबावरचा आणि रुळावरचा

छंद म्हटले की आपल्याला पोस्टाची तिकिटे, काड्यापेट्यांचे छाप, फार तर फुलपाखरे आठवतात. अमेरिकेत काही मंडळींना मात्र वेगळाच नाद आहे. रस्ता जिथे रेल्वेमार्गाला छेदतो, तिथल्या इशारायंत्रांची ते नोंद ठेवतात. खांब कोणत्या कारखान्यात तयार झाला, दिवे किती इंची आहेत, घंटा ठोका मारून वाजणारी आहे की इलेक्ट्रॉनिक, आडवा दांडा कोणत्या साली बदलला, हे सारे ते टिपून ठेवतात. गाडी येईपर्यंत तासन्‌तास थांबतात आणि इशारा सुरू झाला की त्याचे चित्रण करतात. पहिल्या ऐकण्यात हे विक्षिप्तपणाचे वाटेल, पण तसे ते नाही. तरीही विज्ञानशिक्षकाच्या नजरेने या नोंदी पाहिल्या की त्यांत एक मोठी उणीव दिसते.

आधी श्रेय द्यायला हवे. १९०९ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेचे अभियंते अल्बर्ट हंट यांनी ‘विगवॅग’ नावाचे इशारायंत्र बनवले. पूर्वी पहारेकरी रस्त्यात उभा राहून तांबडा कंदील हलवत असे. हंट यांनी त्याच्या हाताचीच नक्कल केली. मधोमध तांबडा दिवा असलेली एक तबकडी लोलकासारखी टांगायची आणि विद्युतचुंबकांनी तिला आळीपाळीने दोन्हीकडे ओढायचे. सोबतीला घंटा. पुढे आळीपाळीने उघडझाप करणाऱ्या दोन तांबड्या दिव्यांनी विगवॅगची जागा घेतली. जे थोडे उरले, ते काढून टाकलेल्या यंत्रांचे सुटे भाग वापरून चालू ठेवावे लागले. रेल्वेच्या लेखी ते भंगारच होते. कोणत्या गावात कोणत्या रस्त्यावर ते होते आणि कधी गेले, हे आज पुष्कळदा कळते ते या छांदिष्टांमुळे. अमेरिकेत अशा प्रत्येक छेदस्थानाला सहा अंक आणि एक अक्षर असा क्रमांक असतो. चांगला नोंदकर्ता तो क्रमांक आणि तारीख न चुकता लिहितो. आमच्या प्रयोगवह्यांतही तारीख अशी नेमाने पडली तर काय हवे होते!

आता उणीव. विगवॅग काय, दिवे काय, घंटा काय, हे सारे त्या यंत्रणेचे तोंड झाले. गाडी आली हे तिला कळते कसे? याचे उत्तर बाजूच्या कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत आणि प्रत्यक्ष रुळांत असते. नोंदींमध्ये पेटीचे छायाचित्र असते, रंग असतो, तिच्यावर चढलेला गंजही असतो; तिच्या कामाविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते.

ते काम समजण्यास सोपे आहे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत ‘बंद रूळमंडला’चे पेटंट घेतले. रुळांचा ठरावीक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांधे बसवून वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांच्या मध्ये बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी नसताना प्रवाह एका रुळातून जाऊन, रिलेच्या वेटोळ्यातून फिरून, दुसऱ्या रुळाने परत येतो आणि रिलेची पट्टी वर उचललेली राहते. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी राहतो, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि घंटेचे मंडल पूर्ण होते.

यातली गंमत विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. प्रवाह गाडी आल्यावर सुरू होत नाही. तो गाडी नसताना वाहत असतो. म्हणून बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ तडकून दुभंगला, तरी पट्टी पडते आणि घंटा वाजते. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे तत्त्व इथे यंत्रात उतरले आहे.

याच तत्त्वाच्या कसोटीवर विगवॅग कमी पडतो. साधा विगवॅग बंद पडला की स्वस्थ लोंबकळतो, आणि गाडी नसतानाही तो तसाच लोंबकळतो. वाहनचालकाने काय समजावे? पुढे निघालेल्या तीन स्थितींच्या प्रकारात तबकडी एरवी आडोशाला धरून ठेवलेली असे. वीज गेली तर ती सुटून समोर येई. नोंदींमध्ये ‘दोन स्थितींचा’, ‘तीन स्थितींचा’ असे रकाने असतात, पण तिसरी स्थिती आली कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारलेला असतो. वर्गीकरण झाले, कारण राहिले. प्राण्यांची नावे पाठ करून घेऊन प्राणिशास्त्र शिकवल्यासारखेच हे आहे.

दुसरी गोष्ट गंजाची. जुन्या खांबावरच्या गंजाची छायाचित्रे ही मंडळी फार प्रेमाने काढतात. तो गंज बहुधा निरुपद्रवी असतो. ज्या मार्गावर गाडी क्वचित धावते, तिथे रुळाच्या माथ्यावर चढणारा गंज मात्र घातक ठरू शकतो. त्या पातळ थरामुळे चाक आणि रूळ यांचा विद्युतसंपर्क नीट होत नाही. गाडी येते, पण रिलेला ती ‘दिसत’ नाही. तार तुटण्यापासून वाचवणारी रॉबिन्सन यांची युक्ती इथे पांगळी पडते. म्हणजे ज्या गंजावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तोच छायाचित्रातून निसटतो.

तिसरी गोष्ट वेळेची. तिथल्या नियमानुसार गाडी छेदस्थानी पोचण्यापूर्वी किमान २० सेकंद इशारा मिळायला हवा. ताशी ९० कि.मी. वेगाची गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणून इशारा ती ५०० मीटर दूर असतानाच सुरू व्हायला हवा. आता त्याच मार्गावर मालगाडी ताशी १८ कि.मी. वेगाने आली, तर तेच ५०० मीटर कापायला तिला १०० सेकंद लागतात. एवढा वेळ खोळंबलेला माणूस कंटाळतो आणि दांड्याला वळसा घालून जाऊ पाहतो. म्हणून पुढे गाडीचे अंतर आणि वेग मोजून इशारा देणारी उपकरणे आली. ध्वनीसह चित्रण असणाऱ्या छांदिष्टाला हा वेळ मोजणे किती सोपे! पण चित्रणाखाली घंटा बनवणाऱ्याचे नाव असते, सेकंद नसतात.

जुने गेले म्हणून हळहळणे स्वाभाविक आहे. नव्या प्रकाशोत्सर्जक डायोडच्या दिव्यांना वीज कमी लागते आणि ते अधिक काळ टिकतात, हे मान्य करूनही हळहळता येते. मात्र आवड आणि मूल्यमापन यांचे रकाने वेगळे ठेवावेत.

आपल्याकडे हा विषय परका नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली सर्व फाटके पाच वर्षांत हटवावीत अशी शिफारस केली. ब्रॉडगेजवरची विनापहारा फाटके जानेवारी २०१९ मध्ये संपली. पहाऱ्याची फाटकेही उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांमुळे कमी होत आहेत. गावाजवळ फाटक असेल तर त्याची नोंद आत्ताच करायला हवी. विद्यार्थ्यांना रस्त्याच्या बाजूलाच उभे करावे. छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. फाटक कधी पडले, गाडी कधी आली, ते कधी उघडले, या तीन वेळा लिहाव्यात. सवड असेल तेव्हा गेटमनकाकांना विचारावे, ‘फाटक बंद होण्याआधी सिग्नल मिळू शकतो का?’

आणि वर्गात प्रयोग करावा. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, सेल, एक रोधक, छोटा रिले, वेगळ्या सेलवर चालणारी घंटी आणि ‘गाडी’ म्हणून धातूची सळई. सळई पट्ट्यांवर आडवी ठेवली की घंटी वाजेल. सळई उचलून पट्ट्यांचा सेल काढा, तरी वाजेल. आता सेल परत लावा आणि एका पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून सळई त्यावर ठेवा. गाडी डोळ्यांसमोर उभी असेल आणि घंटी गप्प असेल. असे का झाले, ते आपण सांगू नये. मुलांना शोधू द्यावे.