काल आणि काळ

ब्रेलमधला ‘ल’ म्हणजे चौकटीच्या डाव्या बाजूला एकाखाली एक उठवलेली तीन टिंबं. ‘ळ’ म्हणजे तीच तीन टिंबं, पण उजव्या बाजूला. आता ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द बोटाने वाचून पाहा. क, मग आ, मग एक उभी रेघ. दोन्हीकडे रेघ अगदी सारखी. फरक आहे तो तिच्या आधीच्या मोकळ्या जागेत. ‘आ’ची उजवी टिंबं मागे पडतात न पडतात तोच रेघ लागली, तर कालचा दिवस. बोट किंचित अधिक सरकून मग रेघ लागली, तर काळ. छापील ‘ळ’ला स्वतःचं वेगळं वळण लागतं, इथे तेवढं काम एका छोट्या विरामावर भागतं.

भारती ब्रेलबद्दल बोलणं निघालं की ते सहसा सोयीबद्दल असतं, करुणेच्या सुरात असतं. मला मात्र ही लिपी रसिकाने वाचावी अशी वाटते. तिच्यात रचना आहे, यमकं आहेत, आणि मराठीचा कान आहे.

मूळ चौकट लुई ब्रेलची. १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे गावी जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्याला तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगीर-लगामाच्या कारखान्यात आरी लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्यासमोर शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची पद्धत आली. बारा टिंबं बोटाच्या पेराखाली एकदम मावत नाहीत. वाचताना बोट वरखाली न्यावं लागतं. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याने ती सहावर आणली. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. एवढ्यात त्रेसष्ट आकृत्या होतात. भारतात आधी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत. १९५१ साली भारती ब्रेल ठरली, आणि मराठी, बंगाली, तमिळ यांचा ‘क’ बोटाखाली एकच झाला.

जोड्या पाहा. क म्हणजे १ आणि ३. ख म्हणजे ४ आणि ६, म्हणजे क पलीकडच्या बाजूला गेला की ख. ब १-२, भ ४-५: पुन्हा तेच. ओ आणि औ एकमेकांची आरशातली रूपं. इ एक पायरी खाली उतरली की ई होते, ज एक पायरी खाली उतरला की झ. ‘त’च्या टिंबांत सहावं टिंब मिळवलं की ट. सगळीकडे असं नाही. थ, श, घ, छ यांच्या आकृत्या इंग्रजी ब्रेलमधल्या जोडाक्षरांच्या खुणांवरून आलेल्या आहेत, आणि ग-घ या जोडीत बोटाला कसलंही नातं लागत नाही. ते मला खटकतं. पण जिथे नातं जुळलं आहे तिथे ते इतकं नेमकं आहे, की ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक बोटाला उंचीचा फरक म्हणून कळतो. आधीचा ‘द’ चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेला असतो. त्याच्या शेजारी इकार कुठे बसला, तिथेच की एक पायरी खाली, यावर दिवस की दुबळा ते ठरतं.

याहून सुंदर मला क्रम वाटतो. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग पूर्ण इ. ‘कर्म’मधला रफार छपाईत म-च्या डोक्यावर चढतो, ‘प्र’मध्ये र पायाशी जातो, ‘राष्ट्र’मध्ये आणखी निराळा दिसतो, ब्रेलमध्ये र नेहमी र, आणि उच्चारात जिथे येतो तिथेच. जोडाक्षराची खूण, चौथं टिंब, अक्षराच्या आधी येते. हे अतिशय समजूतदार आहे. डोळ्याला अख्खा शब्द एकदम दिसतो. बोटाला एका वेळी एकच चौकट मिळते, म्हणून पुढचं अक्षर पाय मोडून येणार आहे हे त्याला आधीच कळायला हवं. आणि अ? व्यंजनात तो गृहीत धरलेला, एरवी दिसत नाही. पण ‘मऊ’ लिहिताना म आणि ऊ यांच्या मध्ये तो उभा राहतो, नाहीतर शब्द ‘मू’ होईल. ‘आई’ला मात्र दोनच चौकटी, मध्ये काहीच नाही.

लिहिण्याची गोष्ट वेगळी. पाटी आणि टोच्याने लिहिताना कागदाच्या मागून टिंबं टोचायची, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. ज्या जोड्यांनी वाचताना आनंद दिला त्याच इथे नवशिक्याला फसवतात. क उलटा करायला विसरलं, की कागद पालटल्यावर तिथे ख निघतो. पाटीवर पहिले महिने घालवणाऱ्या मुलांचं आणि त्यांच्या शिक्षकांचं कष्टाचं काम इथेच असतं. १९५१ मध्येच अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेसाठी डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेलं ब्रेल टंकयंत्र बाजारात आलं. मध्ये जागा सोडण्याची कळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन कळा, अक्षराची सगळी टिंबं एकदम दाबायची, आणि कागद सुलटाच. या यंत्रावर जोड्यांचं रूप पालटतं. डावी तर्जनी आणि अनामिका दाबली तर क. उजव्या हाताची तीच दोन बोटं दाबली तर ख. अख्खा डावा हात ल, अख्खा उजवा हात ळ. वर्णमाला दोन हातांत वाटली जाते.

आज संगणक बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला, जेम्स तेह यांच्यासोबत वाढवलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठी वाचतो. ज्याची दृष्टी चाळिशीत गेली त्याला या आवाजाने नोकरी परत मिळू शकते. अशा प्रशिक्षणाचं मोल मी जराही कमी मानत नाही. पण मुलांना ‘फोन वाचून दाखवतोच, मग ब्रेल कशाला’ असं सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. आवाज वाक्य सांगतो आणि पुढे जातो. दिन होता की दीन, हे त्या वेगात कानाला धड कळत नाही. शुद्धलेखन, परिच्छेद कुठे मोडला, कवितेची ओळ कुठे संपली, हे सगळं बोटाखालीच राहतं. म्हणून प्रशिक्षणात मला दोन्ही हवं: कानाला आवाज, आणि बोटांना ब्रेल पट्टी. तोच एनव्हीडीए संगणकावरचा मराठी मजकूर या पट्टीवर पाठवतो. बारीक खुंट्या वर येतात, ओळ वाचून झाली की खाली बसतात आणि पुढची ओळ उठते. अशा अनेक पट्ट्यांवर लिहिण्यासाठी पर्किन्ससारख्याच कळा असतात. टंकयंत्रावर शिकलेल्या मुलाला त्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत; क डाव्या हाताला, ख उजव्या हाताला, हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असतं.