कोपऱ्यावरचा इराणी आणि एक फार सोपं उत्तर

मुंबईच्या इराणी हॉटेलांवरचे चार लेख वाचा, एक वाक्य बहुधा सापडेलच: ‘हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती स्वस्तात इराण्यांना मिळाली.’ माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. गाईडनी शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं, ‘कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेट पास होऊन आता तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसणार असाल, तर हे एक वाक्य आपण जरा उसवून बघू.

त्यात तीन दावे एकात एक गुंतलेत. एक, लोकांची अशी समजूत होती. दोन, त्या समजुतीमुळे कोपऱ्याच्या गाळ्याचं भाडं कमी होतं. तीन, म्हणून इराणी तिथे आले. पहिल्याला मुलाखती चालतील. दुसऱ्याला भाडेपावत्या किंवा महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदी लागतील, आणि त्याही कोपऱ्याच्या अन् शेजारच्या गाळ्याच्या, एकाच काळातल्या. तिसरा दावा या दोन्हींवर उभा आहे. बहुतेक लेख पहिल्याच पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात.

आता तुलना करून बघा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एकोणिसाव्या शतकात दगडी टेनेमेंट उभ्या राहिल्या. साधारण तीन-चार मजले, सगळ्यांना मिळून एक जिना, वर बिऱ्हाडं, खाली दुकानं. आपल्या चाळीची लांबची बहीणच म्हणा, फक्त गॅलरी नाही. तिथेही पब बऱ्याचदा कोपऱ्यावरच दिसतो. तिथे तर आपल्याकडच्या शुभ-अशुभाचा प्रश्नच नव्हता. मग?

मग इमारतीकडे बघावं लागतं. कोपऱ्याच्या गाळ्याला दोन रस्ते मिळतात. दोन दारं काढता येतात, उजेड-वारा दोन बाजूंनी येतो, पाटी दोन्हीकडून दिसते. दिवसभर माणसांची ये-जा असलेल्या धंद्याला हे फार सोयीचं. म्हणजे अशुभाची समजूत नसतीच, तरी चहावाल्याला कोपरा हवासा वाटला असता. याने जुनी गोष्ट खोटी ठरत नाही, बरं का. तिला एक प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण मिळालं, एवढंच. दोन्ही एकदम खरी असू शकतात. कुणाचं वजन किती, ते भाड्याच्या नोंदीच सांगतील.

त्या गोष्टीत मला आणखी एक उणीव दिसते. ती फक्त मालकाबद्दल बोलते, वरच्या मजल्यांबद्दल चकार शब्द नाही. धोबी तलावचा जेर महाल घ्या. तळमजल्यावर १९०४ साली सुरू झालेलं कयानी, आणि त्याच इमारतीत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’. बोटीवर नोकरी शोधायला आलेले गोंयकार तिथे उतरत: भिंतीलगत ट्रंका, एका बाजूला देव्हारा, बाकी सगळं सामायिक. जिथे माणसाच्या वाट्याला ट्रंकेएवढी जागा, तिथे खाली एक टेबल, एक खुर्ची आणि एक कप चहा ही बैठकीची खोलीच होते. पण खाद्यसंस्कृतीवाले तळमजला लिहितात, गृहनिर्माणवाले वरचे मजले, आणि मधला जिना कुणाच्याच प्रबंधात येत नाही.

हे नुसतं अकादमिक भांडण नाही. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास ३३(७) या नियमाखाली होतो. त्यात राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट घर मिळतं आणि दुकानदाराला त्याच्या आधीच्या क्षेत्रफळाएवढा गाळा. हिशेब सगळा चौरस फुटांत. दोन रस्ते, दोन दारं, वरून खाली येणारं गिऱ्हाईक यांचे चौरस फूट कसे मोजणार? ग्लासगोत याच्या उलट घडलेलं दिसतं: काही ठिकाणी वरची बिऱ्हाडं पाडली गेली आणि तळमजल्याचा पब तेवढा मोकळ्या जागेत एकटा उरला. जागा तीच राहिली, पण वरची माणसं गेली. आपण ‘अशुभ कोपरा’ लिहून थांबलो, तर कोपऱ्याची खरी किंमत काय होती याची नोंदच उरणार नाही, आणि इमारत पडल्यावर ती करताही येणार नाही.

गोष्ट टाकून देऊ नका. मुलाखतीत कुणी सांगितली तर सांगणाऱ्याच्या तोंडची म्हणून लिहा. तुमचं निवेदन म्हणून नको.

आणि भूममध्ये बसून मुंबईच्या इमारतीवर काय काम करणार, असं वाटत असेल तर सराव गावातच करा. बाजारपेठेत खाली दुकान, वर माडी असं एखादं कोपऱ्यावरचं घर निवडा. खाली चहाचं हॉटेल असो की खव्या-पेढ्याचं दुकान. टेप घेऊन तळमजल्याचा नकाशा काढा. दारं किती, कुठल्या रस्त्याला? माडीवर कोण राहतं, जिना दुकानातून आहे की बाहेरून? आठवडी बाजाराच्या दिवशी तासभर उभं राहून कुठल्या दाराने किती माणसं आत गेली ते मोजा. शेवटी मालकाला विचारा, ही जागा का घेतली? त्याचं उत्तर आणि तुमचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवा. जुळले नाहीत, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच आहे.