हरवलेला मुलगा आणि बोलणारें दप्तर

मार्टिन सिक्स्मिथ यांचें 'द लॉस्ट चाइल्ड ऑफ फिलोमिना ली' हें २००९ सालचें पुस्तक आम्हीं दोनदां वाचलें. पहिल्या वाचनीं डोळे पाणावले. दुसऱ्या वाचनीं कपाळास आठी पडली.

आयर्लंडांतील रॉसक्रे येथें ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमांत १९५२ सालीं अविवाहित फिलोमिनेस पुत्र झाला. मुलाचा शोध कधींही करणार नाहीं, असें तिजकडून लिहून घेण्यांत आलें. १९५५ सालीं तो अमेरिकेंत दत्तक गेला. अँथनी लीचा मायकेल हेस झाला. (आमच्याकडील दत्तविधान चारचौघांसमक्ष होई, ही गुप्तता आमच्या वाचकांस चमत्कारिकच वाटेल.) पुढें आई मुलासाठीं व मुलगा आईसाठीं त्याच दारीं येऊन रिकाम्या हातीं परतले. १९९५ सालीं तो वारला, आणि स्वतःच्या इच्छेनें तेथेंच पुरला गेला. थडग्यावर जन्मतिथि व जन्मस्थान कोरलेलें आहे. आई कधीं आलीच तर तिला ओळख पटावी!

इतकें सत्य हातीं असतां मुलाच्या चरित्राचीं पानेंच्या पानें कल्पित संवादांनीं भरावीं, हें आम्हांस पटत नाहीं. जेथें एका कागदासाठीं दोन जन्म झुरले, तेथें कोणतें वाक्य ऐकलेलें व कोणतें रचलेलें हें वाचतांना कळूं नये काय? शिवाय नांवांत असलेली आई पुस्तकांत थोडीच भेटते. स्टीफन फ्रिअर्स यांच्या २०१३ सालच्या चित्रपटानें ही उणीव भरून काढली.

२०२२ सालच्या कायद्यानें आयर्लंडांतील दत्तकांस मूळ जन्मदाखल्याचा हक्क मिळाला. आतां दप्तरच बोलूं लागलें आहे. पुढील आवृत्तींत लेखकानें प्रत्येक प्रकरणास त्याचा आधार जोडावा.