खिडकी बुजली, चित्र आले

दुधाच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली शंका पाण्याची असते. चीजच्या दुकानात ती जास्तच वाढते, कारण तिथे दूध दिसतच नाही. दिसतो तो महिनोन्‌महिने मुरवलेला गोळा. अशा दुकानाची भिंत, फरशी, काउंटर ही त्या शंकेला दिलेली उत्तरे असतात. त्यांच्याकडे नुसती शोभा म्हणून पाहिले, तर त्यांच्यावरची टीकाही नुसत्या रंगसंगतीपाशीच अडते.

या दृष्टीने जर्मनीतील ड्रेस्डेनच्या प्फुंड बंधूंच्या डेअरीचा इतिहास बोलका आहे. पॉल प्फुंड हा शेतकरी १८८० च्या सुमारास सहा गायी घेऊन शहरात आला. त्या काळी खेड्यातून शहरात येणारे दूध वाटेतच नासे, घाण होई. प्फुंडने दुकानामागेच गोठा ठेवला आणि मधल्या भिंतीत काच बसवली. गिऱ्हाइकाने समोर दूध काढताना पाहावे आणि घेऊन जावे. अंतर्रचनेचा याहून प्रामाणिक नमुना माझ्या वाचनात नाही.

धंदा वाढला. १८९१-९२ मध्ये बाउट्झनर रस्त्यावर नवे दुकान उभे राहिले. त्यात व्हिलेरॉय अँड बॉख कंपनीच्या हाताने रंगवलेल्या फरश्या बसवल्या: सुमारे २४८ चौरस मीटर, म्हणजे पावणेसत्तावीसशे चौरस फुटांच्या आसपास. भिंती, छत, काउंटर, काहीच सुटले नाही. पंखवाली गुबगुबीत बालके, फुले, प्राणी, दूधदुभत्याचे देखावे. चकाकीच्या फरशीत दुधाची चिकट साय मुरत नाही, आंबूस वास धरत नाही. एका फडक्यात भिंत साफ. इथवर सौंदर्य आणि सोय हातात हात घालून चालतात.

पण काचेतून दिसणारी गाय गेली, तिच्या जागी रंगवलेली आली. गोठ्यातल्या माणसाचे काम देवदूतांकडे गेले. त्यांच्या हाताला शेण लागत नाही! एवढ्या मोठ्या डेअरीला दुकानामागे गोठा ठेवणे शक्य नव्हते, हे मान्य. तरी पुरावा जाऊन त्या जागी प्रतिमा आली, हे नोंदवलेच पाहिजे. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून ही वास्तू वाचली. १९७२ मध्ये ती सरकारजमा झाली, पुढे बंद पडली आणि डागडुजी होऊन १९९५ मध्ये पुन्हा उघडली. १९९८ मध्ये गिनेस बुकाने तिला जगातले सर्वांत सुंदर दूध-दुकान ठरवले. आता लोक भिंती पाहायला येतात आणि जाताना चीज घेतात.

उपाहारगृह वरच्या मजल्यावर आहे, ही योजना मला पटते. चीजला गारवा लागतो, जेवणाऱ्याला ऊब लागते. जिन्याने दोन्ही साधले.

आपल्याकडे पुण्यात कोरेगाव पार्कच्या एबीसी फार्म्समध्ये चीजनिर्मिती आणि उपाहारगृहे शेजारी नांदली. तिथला शिशा कॅफे ओळखला जातो तो शाकारलेल्या छपरासाठी आणि टांगलेल्या इराणी गालिच्यांसाठी. जागा देखणी, पण ती इराणची गोष्ट सांगते. शेजारच्या चीजचा उल्लेख तिच्या भिंतींवर कुठे येत नाही. त्यामानाने मुंबईतले १९०४ पासूनचे कयानी अधिक सरळ. बेकरीचा माल काचेच्या कपाटांत दाराशी, टेबले आत, सारे एकाच छताखाली. विकणारा आणि खाणारा एकमेकांच्या नजरेत.

हे सारे लांबचे वाटेल. पण वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगसारख्या गावांत हॉटेलाची भट्टी दर्शनी असते. कढईत दूध आटते, साय कडेला ओढली जाते, पातेल्यात काय ओतले ते बाकावरच्या माणसाला दिसते. या हॉटेलांना कुणी अंतर्रचनाकार मिळाला नाही, तरी प्फुंडच्या पहिल्या दुकानाचे मर्म त्यांना साधले आहे. आता तालुक्यांतून नूतनीकरणाची हौस आली आहे. भट्टी मागे जाते, पुढे चकचकीत पत्रे लागतात आणि त्यांवर हिरव्या कुरणातली परदेशी गाय छापलेली असते. धूर डोळ्यांत जाऊ नये ही अपेक्षा रास्त आहे, भट्टी मागे न्यायला हरकत नाही. मधल्या भिंतीत हातभर काच सोडायला सांगितली, तर कुठलाही गवंडी नाही म्हणणार नाही.