सेव्हेन्नच्या वाटेवरचा पाखंडी

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या नावाशी आपल्या वाचकांच्या मनात खजिन्याचे बेट आणि समुद्री चाचे जोडले गेले आहेत. त्या कादंबरीच्या चार वर्षे आधी, १८७९ साली, त्याचे 'ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन्स' हे छोटेखानी प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले होते. सेमिनरीत असताना ग्रंथालयातल्या पाने सुटलेल्या प्रतीतून मी ते प्रथम वाचले आणि मनसोक्त हसलो. गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा हाती आले. या वेळी निम्म्या जागी हसू आले; उरलेल्या जागी पुस्तक मिटून बसावे लागले. त्या मिटून बसण्याविषयी हे टिपण आहे.

कथाभाग थोडक्यात सांगतो. १८७८ च्या सप्टेंबरात सत्तावीस वर्षांचा हा स्कॉटिश तरुण दक्षिण-मध्य फ्रान्समधील ल मोनास्तिए या डोंगरी गावातून पायी निघाला. सामान वाहायला मोदेस्तीन नावाची गाढवीण होती, किंमत पासष्ट फ्रँक आणि वर ब्रँडीचा एक पेला. झोपण्यासाठी त्याने शिवून घेतलेल्या मोठ्या पिशवीला याहून अधिक पैसे पडले होते. बारा दिवसांत सुमारे दोनशे किलोमीटर चालून तो सँ-झाँ-द्यु-गार येथे पोहोचला, तेथे मोदेस्तीन पस्तीस फ्रँकांना विकली आणि मग तिच्यासाठी रडला.

या अश्रूंवर माझा पुरता विश्वास बसत नाही. पुस्तकाचा पहिला तृतीयांश भाग त्या मुक्या जनावराला काठीने, पुढे टोचणीने हाकण्याच्या विनोदावर उभा आहे. लेखकाला स्वतःची लाज वाटते, पण त्या लाजेचाही तो विनोद करतो. एका वाचनात हे खपून जाते, दुसऱ्यात खुपते. तरीही या भागात एक प्रामाणिकपणा आहे. वाट चुकणे, अंधारात दार न उघडणारा गावकरी, रस्ता विचारल्यावर जीभ काढून दाखवणाऱ्या पोरी हे सारे त्याने जसेच्या तसे ठेवले आहे. खेडे म्हणजे भोळेभाबडे देवमाणसांचे वसतिस्थान, या आपल्याही साहित्यातल्या गोड समजुतीला तो बळी पडत नाही.

त्याची लेखणी खरी फुलते ती रानात. माँ लोझेरच्या चढावर पाइनच्या झाडांखाली काढलेल्या रात्रीचे प्रकरण इंग्रजी गद्यात नावाजले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. मध्यरात्रीनंतर केव्हातरी सारी निजलेली सृष्टी क्षणभर जागी होते, असे तो लिहितो. मठातील रात्रीच्या प्रार्थनेला उठणाऱ्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल. याच प्रकरणात, या एकान्तात शेजारी कोणी प्रिय माणूस हवे होते, अशी कबुली त्याच्याकडून निसटते. फॅनी ऑस्बोर्न ही त्याची प्रिया त्याच ऑगस्टात अमेरिकेला परतली होती. पुस्तकभर तिचे नाव नाही. हा थट्टेखोर प्रवासी खरे तर दुःख पायांखाली तुडवीत चालला होता, हे कळल्यावर मागची पाने निराळी दिसू लागतात. सकाळी निघताना त्या मुक्कामाचे भाडे म्हणून तो हिरवळीवर नाणी टाकत जातो. ही कृती मला किंचित नाटकी वाटते. तरी मनातून जात नाही.

पुढे तार्न आणि मिमाँत नद्यांची खोरी येतात. येथे झाडे पाइनची नाहीत, चेस्टनटची आहेत. सेव्हेन्नचे लोक या झाडाला भाकरीचे झाड म्हणत, कारण गहू न पिकणाऱ्या उतारांवर शतकानुशतके त्याच्याच वाळवलेल्या फळांवर लोकांनी हिवाळे काढले. दगडी बांध घालून उतारावर पायऱ्या केलेल्या, त्यांवर ही झाडे राखलेली. अशाच एका अरुंद पायरीवर स्टीव्हन्सनने रात्र काढली. म्हणजे ज्याला तो रान म्हणून न्याहाळतो, ते पुष्कळसे माणसाच्या हातचे आहे. सौंदर्य पाहताना त्यामागचे श्रम त्याला नेहमी दिसतात असे नाही. हा या पुस्तकाचा एक उणा भाग.

आता ज्या दोन ठिकाणी मी थांबलो, तिकडे वळतो.

पहिले ठिकाण हिममातेचा मठ, नोत्र-दाम-दे-नेज. कडव्या प्रेस्बिटेरियन घरात वाढलेला हा तरुण त्रापिस्त मठाकडे जाताना आपण भ्यालो होतो, असे मोकळेपणी सांगतो. पण मठवासीयांविषयी त्याने जे लिहिले आहे, ते वाचून कोणाही कॅथलिकाने त्याचे ऋण मानावे. त्यांचे मौन, त्यांचे कष्ट, दिवसाचे घंटेगणिक केलेले तुकडे हे सारे त्याने न मानताही समजून घेतले. त्याला दुखावले ते मठवासीयांनी नव्हे. मठात एकान्त-साधनेसाठी आलेले दोन पाहुणे होते, एक जुना सैनिक आणि दुसरा खेड्यातला धर्मगुरू. समोरचा पाखंडी आहे हे कळताच दोघांनी सकाळच्या कॉफीवर त्याला घेरले. या पंथात मरायचा विचार आहे काय, असे विचारले. तू धर्मांतर कर आणि घरी जाऊन आईवडिलांनाही करायला लाव, असा सल्ला दिला.

पाच वर्षांपूर्वी, १८७३ साली, याच तरुणाने आपली श्रद्धा उरली नसल्याचे वडिलांना सांगितले होते आणि घर दुःखात बुडाले होते. धर्मगुरूंना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी नेमके त्या जखमेवर बोट ठेवले. स्टीव्हन्सन चिडला. चिडलेला पाहून ते म्हणाले, आम्हाला तुझ्या आत्म्याचीच काळजी आहे. संवाद तेथे संपला.

सेमिनरीत वाचताना या प्रसंगाला आम्ही खो खो हसलो होतो. आज हसता येत नाही, कारण त्या खुर्चीवर मी बसलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचा भावी पती मला भेटायला आला. चहाचा पहिला घोट घेण्याआधी मी त्याला बाप्तिस्म्याविषयी विचारले. तो अतिशय नम्रपणे उत्तरला, चहा संपवला, आणि पुन्हा कधी आला नाही. माझ्या प्रश्नात काळजी होती, हे खरे. त्याला काय वाटले असेल हे मला स्टीव्हन्सनच्या पानावर कळले.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. पाँ-द-माँव्हेर या गावी अबे द्यु शेला या धर्मगुरूचे घर होते. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फतवा रद्द केल्यावर सेव्हेन्नमधील प्रॉटेस्टंटांवर जी सक्ती झाली, तिचे हे गृहस्थ अधिकारी. बंदिवानांच्या मुठीत जळते निखारे दाबले जात, असे स्टीव्हन्सन लिहितो. २४ जुलै १७०२ च्या रात्री बंडखोर स्तोत्रे गात आले, कैदी सोडवले, घर पेटवले आणि द्यु शेलाला भोसकून ठार केले. त्यांचा म्होरक्या सेगिए यालाही त्याच गावात जिवंत जाळण्यात आले. मग कामिसारांचे युद्ध पेटले आणि शाही फौजांनी शेकडो वाड्यावस्त्या भुईसपाट केल्या.

आमच्या चर्च-इतिहासाच्या तासाला हे सारे एका वाक्यात उरकले गेले होते. मला ते एका नास्तिक म्हणवणाऱ्याच्या प्रवासवर्णनातून शिकावे लागले. तो तटस्थ नाही. त्याचा कल जन्मानेच बंडखोरांकडे आहे. पण द्यु शेलाला तो राक्षस करत नाही. पूर्वेकडे मिशनरी असताना हा माणूस छळ सोसून मरणाच्या दारी पडला होता आणि एका बहिष्कृत जातीच्या माणसाने त्याला वाचवले, हेही तो नोंदवतो. ज्याने छळ भोगला, त्यानेच पुढे छळ करावा! स्टीव्हन्सनने येथे थोडी चेष्टा केली आहे. मला वाटते, त्याने येथे थांबायला हवे होते. द्यु शेला समजून घेणे हे पुस्तकातले सर्वांत कठीण काम होते, आणि लेखकाने ते अर्ध्यावर सोडले.

तो थांबला नाही म्हणून त्याची सहानुभूती उथळ, असे मात्र कोणी म्हणू नये. १८८९ साली तो मोलोकाईच्या कुष्ठवस्तीत गेला, आणि पुढच्या वर्षी, फादर डेमियन यांची निंदा करणाऱ्या एका प्रॉटेस्टंट पाळकाला त्याने जे खुले पत्र लिहिले, ते डेमियनच्या बाजूने लिहिलेले सर्वांत धारदार गद्य आहे. डेमियन २००९ मध्ये संत घोषित झाले.

आज स्टीव्हन्सनची वाट 'जी.आर. ७०' या क्रमांकाने फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या पायवाटांत गणली जाते. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. हौशी मंडळी भाड्याने गाढवेही घेतात. पट्टे पाहत चालणाऱ्याला वाट चुकण्याचा लाभ होत नाही, पण ही माझी घरबसल्या केलेली कुरकुर आहे. त्याने पाहिलेला मठ १९१२ मध्ये जळाला आणि जवळच नव्याने उभा राहिला. त्याच जुन्या मठात १८९० मध्ये शार्ल द फूको त्रापिस्त म्हणून दाखल झाले होते. १९०१ मध्ये त्यांनी पहिली मिसा तेथेच अर्पण केली. २०२२ मध्ये फूको संत घोषित झाले आणि त्याच वर्षी त्रापिस्तांनी तो मठ सोडला. आता तेथे सिस्टर्शियन भगिनी आहेत.

त्या खेड्यातल्या धर्मगुरूंचे मात्र नाव कोठेच नाही. स्टीव्हन्सनने त्यांना रागात सोडले नाही, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आले. मांदजवळच्या आपल्या धर्मग्रामातून ते गृहस्थ मठापर्यंत पायीच आले होते आणि झग्यामुळे चालताना फार अडखळायला झाले, अशी त्यांची तक्रार होती. धिप्पाड, शेतकऱ्याच्या चेहऱ्याचे, झगा वर खोचून उघड्या डोंगरांतून ढांगा टाकणारे असे त्यांचे चित्र लेखकाने मनाशी रंगवले आहे. हा माणूस आपल्या लोकांच्या मरणशय्येपाशी बर्फाच्या वादळातूनही पोहोचेल, अशी खात्री तो देतो. बाराही दिवसांत त्याला भेटलेला बरोबरीचा चालणारा एवढाच.