पुसल्यावर जे उरतं: सवी सावरकर यांची चित्रं



दलित साहित्यावर बोलायचं असतं तर सोलापुरात आम्हाला प्रस्तावना करावी लागली नसती. शरणकुमार लिंबाळे याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. 'अक्करमाशी' इथं अनेकांच्या घरात आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनाही ते कशाबद्दल आहे ते ठाऊक आहे. आजचा विषय मात्र चित्रांचा. आणि तिथं आपल्याला पार पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. 'बलुतं' १९७८ साली आलं. तेव्हापासून मराठी वाचक दलित आत्मकथन वाचायला हळूहळू शिकला. दलित चित्र बघायला तो अजून शिकलेला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. दलित कला आणि दृश्यप्रतिमा या विषयावरचं एक महत्त्वाचं पुस्तक २०१२ साली ऑक्सफर्डनं काढलं. ते इंग्रजीत आहे आणि त्याचे संपादक गॅरी टार्टाकोव्ह अमेरिकन आहेत. नागपूरच्या चित्रकाराला समजून घ्यायला आपण तिकडून वळसा घालून येतो.

चित्रकाराचं नाव सवी सावरकर. आडनाव ऐकून काहींच्या भुवया वर गेलेल्या दिसतात. ते हे नव्हेत. जन्म १९६१चा, नागपूरचा. म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, त्याच शहरात. चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपुरात, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात छापचित्रणाचं, आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन. बडोदा म्हटलं की आम्हाला दोन गोष्टी एकदम आठवतात. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, आणि परत येऊन त्याच संस्थानात नोकरीला लागले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. त्या शहरात एक नागपूरचा मुलगा सुईनं धातूच्या पत्र्यावर माणसं काढायला शिकतो. हे नुसतं सांगून आम्ही पुढे जातो.

आता पडद्याकडे बघा. हा माणूस सावरकरांच्या कामात पुन्हा पुन्हा येतो. गळ्यात मडकं. मागे, कमरेला बांधलेला खराटा. पेशवाईतल्या पुण्याचा अस्पृश्य. ही वर्णनं आपण वाचलेली असतात. आंबेडकरांनी १९३६च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मडकं आणि खराटा दोन्हींची नोंद केलेली आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, पावलांचे ठसे उरू नयेत म्हणून खराटा. वाचताना आपण 'काय हा अमानुषपणा' म्हणतो आणि पान उलटतो.

चित्रात पान उलटता येत नाही. तिथं या दोन वस्तूंना वजन येतं. मडकं गळ्यात अडकवलं की मान कशी धरावी लागेल? खराटा मागे लोंबत असला की पाऊल किती लांब टाकता येईल? आत्मकथन आपल्याला घटना सांगतं. चित्र ठेवण दाखवतं. सत्ता माणसाच्या पाठीच्या कण्यात, मानेत, गुडघ्यांत कशी जाऊन बसते, हे सावरकरांना दाखवायचं आहे. त्यांची माणसं शरीरशास्त्राच्या दृष्टीनं 'बरोबर' नसतात. हात लांबतात, धड आखडतं. जे. जे.च्या जुन्या अकादमिक वळणात वाढलेल्या डोळ्यांना ते कच्चं रेखाटन वाटतं. असं म्हणणारे जाणकार आम्हाला भेटले आहेत. त्यांना आमचं एवढंच सांगणं असतं: कमरेला खराटा बांधून आधी दहा पावलं चालून बघा, मग प्रमाणबद्धतेबद्दल बोलू.

पण आम्हाला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढेच आहे, आणि त्यासाठी जरा कारखान्यात जावं लागेल. एचिंग कसं करतात? धातूच्या पत्र्याला मेणासारखा लेप देतात. त्यावर सुईनं रेषा ओढतात, म्हणजे तिथला लेप निघतो. मग पत्रा ॲसिडात. लेप निघालेल्या जागी ॲसिड धातू खातं, खाच पडते. लेप काढून टाकायचा, पत्र्यावर शाई चोळायची आणि मग ती पुसायची. नीट, दाबून, कापडानं आणि शेवटी तळहातानं. पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की खाचेत दडून राहिलेली शाई कागदावर येते. चित्र म्हणजे पुसल्यानंतर जे उरलं ते.

आता खराट्याकडे परत या. ज्या माणसाच्या मागे त्याचीच पावलं पुसणारं साधन बांधलं होतं, ज्याचा ठसा मातीत राहू नये अशी पक्की व्यवस्था होती, तो माणूस इथं अशा माध्यमात येतो ज्यात ठशाशिवाय दुसरं काहीच नाही. हे सावरकरांनी ठरवून केलं की हाताला आपोआप सापडलं, यात आम्हाला फारसा रस नाही. पण छापचित्रण शिकलेल्या माणसाच्या हातून हा विषय असा उतरतो, आणि तोच विषय मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात आला की तितका चावत नाही, असा आमचा अनुभव आहे. रंगात आलं की ते पोस्टरकडे झुकतं. काळ्या, खरवडलेल्या रेषेत ते हट्टानं जागेवर उभं राहतं.

उभं राहण्यावरून आठवलं. आपल्या जिल्ह्यात अशा उभ्या माणसाचं एक जुनं चित्र प्रत्येकाच्या मनात आहे. पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरचे चोखोबा. समाधी आजही तिथंच, नामदेव पायरीसमोर. १९४७ साली साने गुरुजींना त्या दारासाठी उपोषण करावं लागलं. मनातल्या त्या चित्रात चोखोबांचे हात जोडलेले असतात आणि नजर आत, विठ्ठलाकडे. आपण कुठं उभे असतो? कुठंही नाही. आपण फक्त हळहळतो. सावरकरांचा माणूस दाराकडे बघत नाही. तो अनेकदा समोर बघतो, म्हणजे जो चित्र बघतोय त्याच्याकडे. मग तुम्हाला तुमची जागा शोधावी लागते. तुम्ही त्या रस्त्यावर कुठं होता? कडेला उभे होता का, त्याची सावली अंगावर पडू नये म्हणून?

इथं सुधीर पटवर्धनांचं नाव घ्यायला हवं. १९४९ साली पुण्यात जन्मलेले, ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले चित्रकार. १९७७चं 'इराणी रेस्टॉरंट' आणि त्यानंतरची कामगारांची, लोकलची, रस्त्यांची चित्रं आपल्याला, म्हणजे जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णूच्या भोंग्यांचं हे गाव असल्यानं, चटकन ओळखीची वाटतात. पटवर्धन श्रमिकाच्या देहाकडे फार प्रेमानं आणि अचूकपणे बघतात. पण ते बघणारे आहेत, आणि बघणारा व दिसणारा यांतलं अंतर त्यांनी चित्रात लपवलेलं नाही. सावरकरांना अंतर परवडत नाही. अंतर हाच त्यांच्या चित्राचा विषय आहे, फुटांत आणि पावलांत मोजलेलं. म्हणून त्यांच्याकडे पटवर्धनांची शांतता सापडत नाही. ती नाही म्हणून चित्र उणं, असं आम्ही मानत नाही.

समुद्रापलीकडे एक माणूस याच प्रश्नाशी वेगळ्या बाजूनं झगडतोय. केरी जेम्स मार्शल, जन्म १९५५, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. नातं जुनं आहे: फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतलं. मार्शलनं १९८० साली एक चित्र केलं. आकारानं वहीच्या अर्ध्या पानाएवढं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस; दिसतात ते डोळ्यांचे पांढरे भाग, शर्टाचा त्रिकोण आणि एक दात पडलेलं हसू. शीर्षकात तो स्वतःला पूर्वीच्या स्वतःची सावली म्हणतो. पुढे त्यानं मोठमोठी चित्रं केली, पण त्याची माणसं काळीच राहिली. तपकिरी नाही, सावळी नाही, काळी. संग्रहालयाच्या भिंतीवर जो माणूस कधी नव्हता त्याला तिथं नेताना रंग उजळून न्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. सावली हा शब्द ऐकून तुम्हाला जे आठवलं तेच आम्हालाही आठवलं. फरक एवढाच की मार्शलला काळ्या रंगातून सौंदर्य उभं करायचंय. सावरकर सौंदर्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. ते गेले असते तर, असं आम्हाला कधी कधी वाटतं.

कारण आता तक्रारीही सांगितल्या पाहिजेत. समीक्षा म्हणून आलो आहोत, सत्काराला नाही. पहिली तक्रार चिन्हांची. ॐ, स्वस्तिक, शेंडी, जानवं, अस्पृश्याच्या आणि पुरोहिताच्या चित्रांतून ही चिन्हं येत राहतात. काही ठिकाणी ती चित्राचं काम स्वतःच करून टाकतात. बघणाऱ्याला शत्रू ओळखता आला की तो निवांत होतो, आणि त्यात नेमका तोही निवांत होतो ज्यानं होऊ नये. शेंडी नसलेला, जानवं न घालणारा, शहाण्यासारखा बोलणारा माणूस त्या चित्रातून सुटून जातो. आजच्या सोलापुरात भाड्याचं घर दाखवताना आडनाव विचारणाऱ्याला शेंडी असते का?

दुसरी तक्रार जास्त अवघड. देवदासींची चित्रं. आपल्याला सौंदत्ती लांब नाही. डोक्यावर जग घेतलेल्या जोगतिणी आपण दारात आलेल्या बघितल्या आहेत. महाराष्ट्रात ही प्रथा बंद करणारा कायदा यायला २००५ साल उजाडलं. सावरकरांनी हा विषय घेतला हे त्यांचं धाडस. पुरोहित आणि देवदासी यांना शेजारी ठेवून ते धर्म आणि भोग यांचं साटंलोटं उघडं करतात, आणि ते पटतं. पण अस्पृश्य पुरुष जसा स्वतःच्या वजनानं उभा राहतो, तशी ती बाई राहते का? आम्हाला काही चित्रांत ती पुरोहिताविरुद्धचा पुरावा म्हणून आलेली दिसते. तिचा देह पुन्हा एकदा दुसऱ्या कुणाच्या खटल्यात मांडला जातो. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना मुक्ता साळवे या मुलीनं आपल्या बायकांच्या बाळंतपणातले हाल आणले होते, ते घरातून बघितलेले होते. देवदासीच्या चित्रांत हा घरातला कोन आम्ही शोधत राहतो. काही थोड्या रेखाटनांत तो सापडतोही. जिथं पुरोहित चौकटीबाहेर गेलेला असतो आणि ती एकटी असते, तिथं.

अशी चार-पाच रेखाटनं आणि मडक्याची उरलेली छापचित्रं आम्ही शेवटी ठेवली आहेत. पडद्यावर ती मोठी दिसतील, पण मूळ छाप लहान असतात. हातभर अंतरावरून बघायच्या असतात. तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी कृपया पुढे येऊन बसा. पुढच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या आहेत.